क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये गेला तर पैशाचं काय होतं? हिशेब मांडायची रीत

प्रीमियर लीग ही इंग्लंडमधली फुटबॉलची सर्वांत वरची डिव्हिजन; तिच्या हंगामाचा शेवटचा रविवार मे महिन्यात येतो. त्या दिवशी दहाही सामने एकाच वेळी, आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू होतात. कोण खाली जाणार हे तोवर ठरलं नसेल तर साडेदहापर्यंत नक्की ठरतं. नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडला सामने बघणारी मंडळी त्या रात्री कुठला बचावपटू चुकला यावर भरभरून बोलतात. पैशाचा विषय निघाला की मात्र ‘टीव्हीचे पैसे जातात’ एवढ्यावर गाडी थांबते.

टीव्हीचे पैसे जातात हे खरंच आहे. पण नुसतं उत्पन्न घटलं म्हणून क्लब बुडत नाही. उत्पन्न एका रात्रीत खाली येतं आणि खर्च खाली यायला दोन-तीन वर्षं लागतात, क्लब बुडतो तो या मधल्या काळात. द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीलाच औषधं, मजुरी, खतं यांचा खर्च ठरून जातो; फेब्रुवारीत अवकाळी आली की माल जातो, कृषी सेवा केंद्राची उधारी तशीच उभी राहते. फुटबॉल क्लबाचंही नेमकं असंच होतं. म्हणून खाली गेलेल्या क्लबाबद्दल विचारायचा प्रश्न असा: येत्या बारा महिन्यांत रोकड किती कमी पडणार? हा आकडा घरबसल्या काढता येतो. आधी इंग्लंडच्या क्लबावर ती रीत दाखवली आहे, मग तीच नाशिकच्या छोट्या क्लबाला लावली आहे. आकडे कोटी पाउंडांत आहेत. बातम्यांतले दहा मिलियन म्हणजे आपले एक कोटी.

आधी कागद आणा

इंग्लंडमधला क्लब ही कंपनी असते आणि तिला वार्षिक हिशेब ‘कंपनीज हाउस’ या सरकारी नोंदणी कार्यालयात भरावे लागतात. त्यांच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की पीडीएफ फुकट मिळते. खासगी कंपनीला आर्थिक वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांची मुदत असते. बहुतेक क्लबांचं वर्ष मे किंवा जूनअखेर संपतं, त्यामुळे बरेचसे हिशेब फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतात.

एका क्लबाच्या नावाने तीन-चार कंपन्या निघतात. एक मैदानाची, एक मालकाची, एक खुद्द क्लबाची. सर्वांत वरच्या कंपनीचे एकत्रित हिशेब घ्या. एकट्या क्लबाचे घेतले तर मैदानावरचं कर्ज दुसऱ्याच कंपनीच्या पोटात राहतं आणि चित्र उगाच बरं दिसतं.

पहिली दहा-पंधरा पानं अध्यक्षांच्या मनोगताची असतात, ती चाळली तरी पुरे. खरा मजकूर शेवटच्या टिपांमध्ये आहे. तिथून सहा गोष्टी वहीत उतरवून घ्या: उत्पन्नाची टीव्ही, तिकिटं आणि जाहिरात अशी फोड, एकूण पगारखर्च, खेळाडूंच्या खरेदीची पुस्तकी किंमत, एका वर्षाच्या आत द्यायचे खरेदीचे हप्ते, विक्रीचे यायचे हप्ते, कर्ज आणि त्याचं तारण. ‘वर्षअखेरीनंतरच्या घटना’ ही टीपही वाचा. हिशेब बंद झाल्यावर कोण विकला, कोण घेतला, कर्ज वाढलं का, हे तिथे कळतं. आणि लेखापरीक्षकाने ‘गोइंग कन्सर्न’च्या परिच्छेदात ‘मटेरियल अनसर्टन्टी’ हे शब्द वापरले असतील तर लाल पेनने खूण करा. क्लब पुढचे बारा महिने चालेल की नाही याबद्दल ठोस शंका आहे, असा त्याचा अर्थ.

उत्पन्न किती पडतं

टीव्हीपासून सुरुवात करा. २०२३-२४ मध्ये तळाला राहिलेल्या शेफील्ड युनायटेडला लीगकडून सुमारे १०.९७ कोटी पाउंड मिळाले. विजेत्या मँचेस्टर सिटीला १७.५९ कोटी. तळाच्या संघालाही एवढं मिळतं, कारण वाटपाचा मोठा भाग सर्वांना समान असतो. खाली दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, साध्या क्लबाला लीगचे आणि प्रीमियर लीगच्या मदतीचे मिळून साधारण एक कोटीच्या घरात येतात. म्हणजे एका पायरीत दहाचा एक.

हा धक्का कमी करायला ‘पॅराशूट पेमेंट’ असतं. टीव्हीच्या पैशातला जो समान वाटा आहे त्याचे पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५ आणि तिसऱ्या वर्षी २० टक्के. २०२३-२४ च्या वाटपावरून समान वाटा साधारण ८.७ कोटी धरला तर हप्ते अंदाजे ४.८, ३.९ आणि १.७ कोटी असे येतात. इथे तीन चुका नेहमी होतात. एक, टक्केवारी एकूण रकमेवर लावली जाते; क्रमांकानुसार मिळणारे आणि थेट प्रक्षेपणाच्या सामन्यांमागे मिळणारे पैसे त्यात धरायचे नसतात. दोन, जो क्लब एकच हंगाम वर राहून परत खाली आला त्याला तिसरा हप्ता मिळत नाही. तीन, पॅराशूट घेणाऱ्या क्लबाला प्रीमियर लीगची बाकीच्या क्लबांना जाणारी मदत वेगळी मिळत नाही, तरी लोक दोन्हींची बेरीज करतात.

तिकिटांचं उत्पन्न लोकांना वाटतं तेवढं पडत नाही. चॅम्पियनशिपमध्ये २४ संघ आणि ४६ सामने, म्हणजे घरच्या मैदानावर १९ ऐवजी २३ सामने. सीझन तिकीट स्वस्त करावं लागतं, पण चार सामने जास्त मिळतात आणि जुना प्रेक्षक सहसा पाठ फिरवत नाही. आधीच्या तिकीट उत्पन्नाचे ७५ ते ८० टक्के धरून चाला. मोठा फटका बसतो तो पाहुणचाराच्या खास बॉक्सना. लिव्हरपूल किंवा आर्सेनल येणार नसेल तर कंपन्या बॉक्सचा करार पुढे चालू ठेवत नाहीत.

जाहिरातीच्या करारांत बहुधा डिव्हिजननुसार रक्कम लिहिलेली असते. हिशेबात ही कलमं छापत नाहीत, म्हणून अंदाजाला निम्मं धरा. आशावादी धरलात तर पुढचं सगळं गणित बिघडेल.

पगार: कलम आहे की नाही

पगारखर्चाच्या एकाच आकड्यात खेळाडू, प्रशिक्षक, तिकीट खिडकीवरचे, माळी, कार्यालयातले असे सगळे येतात. ढोबळ फोड करायची तर बहुतेक रक्कम खेळाडूंकडे जाते. खाली गेल्यावर खेळाडूचा पगार आपोआप इतके टक्के कमी होईल असं कलम करारात असेल तर जुलैपासून खर्च उतरतो. नसेल तर तोच पगार दुसऱ्या डिव्हिजनमध्ये द्यावा लागतो आणि तेवढा पगार देणारा दुसरा क्लब सापडत नाही.

संडरलँड २०१७ मध्ये खाली गेला तेव्हा एका मधल्या फळीतल्या खेळाडूच्या करारात हे कलम नव्हतं. त्याचा पगार आठवड्याला ७० हजार पाउंडांच्या आसपास असल्याचं तिथल्या वृत्तपत्रांत छापून आलं होतं. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, संडरलँड तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गेला. एका माणसामुळे क्लब पडला असं म्हणणं अन्याय ठरेल; त्याने सही केलेला करार क्लबानेच समोर ठेवला होता. दोष लिहिणाऱ्याचा.

लेस्टरचं उदाहरण दुसऱ्या बाजूचं. प्रीमियर लीगचा २०१६ चा विजेता २०२३ मध्ये खाली गेला त्या वर्षी पगारखर्च २० कोटी पाउंडांच्या वर होता, उत्पन्नापेक्षाही जास्त, आणि वर्षाचा तोटा सुमारे ९ कोटी. पुढच्या वर्षी पगारखर्च जवळपास निम्म्यावर आला. मॅडिसन टॉटनहॅमला आणि बार्न्स न्यूकॅसलला प्रत्येकी चार कोटींच्या आसपास विकले गेले. टिलेमन्ससारख्यांचे करार ३० जूनला संपले आणि ते फुकट निघून गेले. करार संपला की पगार वाचतो, पण विक्रीचा पैसाही जातो. म्हणून यादी करताना प्रत्येक मोठ्या खेळाडूपुढे करार संपण्याचं वर्ष लिहा. एक वर्ष उरलेला खेळाडू त्याच उन्हाळ्यात विकावा लागतो. गिऱ्हाईक ते ओळखून असतं आणि भाव पाडून मागतं.

या सगळ्यात ज्यांच्या करारात कसलंच कलम नसतं ते म्हणजे कॅन्टीन, तिकीट खिडकी आणि अकादमीतली माणसं. लाखभर पाउंड वाचवायला आधी त्यांनाच घरी बसवतात. एका राखीव खेळाडूचा दीड-दोन महिन्यांचा पगार तेवढाच असतो. हिशेब मांडताना ही तुलना जरूर करा.

खरेदीचे हप्ते, म्हणजे खरा फास

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सावकाश बघू.

समजा क्लबाने एक खेळाडू ४ कोटी पाउंडांना पाच वर्षांच्या करारावर घेतला. पुस्तकात हा खर्च दरवर्षी ८० लाख असा पाच वर्षांत वाटून लिहितात. याला अमॉर्टायझेशन म्हणतात. रोख मात्र वेगळ्या वेळापत्रकाने जाते. विकणाऱ्या क्लबाशी ठरलेलं असतं की आज दीड कोटी, पुढच्या जुलैत सव्वा, त्यानंतरच्या जुलैत सव्वा. दुसऱ्या हप्त्याच्या आधी क्लब खाली गेला तरी उरलेले अडीच कोटी द्यायचेच असतात. विकणाऱ्या क्लबाला तुमच्या डिव्हिजनशी काही देणंघेणं नाही.

आता दोन वर्षांनी हाच खेळाडू दीड कोटीला विकला. पुस्तकी किंमत उरली होती ४ वजा १.६, म्हणजे २.४ कोटी. विक्रीत ९० लाखांचा तोटा दिसेल, तरी हातात दीड कोटी येतील, तेही हप्त्यांनीच. उलट अकादमीत वाढलेल्या पोराची पुस्तकी किंमत शून्य असते. तो दीड कोटीला गेला तर पूर्ण दीड कोटी नफा. म्हणूनच अडचणीतला क्लब नेमके स्वतः घडवलेले खेळाडू आधी विकतो. खेळाच्या दृष्टीने हे दुःखद आहे, आणि हिशेबाचा नियमच तसं करायला भाग पाडतो.

टिपांमध्ये ‘ट्रान्सफर क्रेडिटर्स’ (द्यायचे हप्ते) आणि ‘ट्रान्सफर डेटर्स’ (यायचे हप्ते) शोधा. दोन्हींत एका वर्षाच्या आतली रक्कम वेगळी दिलेली असते. पहिल्यातून दुसरी वजा केली की पुढच्या बारा महिन्यांत खेळाडूंपायी निव्वळ किती रोख बाहेर जाणार ते मिळतं. ‘अटींवर अवलंबून देणी’ही बघा. त्यातली काही रक्कम क्लब वर टिकला तरच द्यायची असते, म्हणजे खाली गेल्यावर ती सुटते. थोडा दिलासा असतो.

यायचे हप्ते वित्तसंस्थेकडे गहाण टाकून आजच पैसे उचलता येतात. मॅक्वेरी ही ऑस्ट्रेलियन संस्था टीव्हीचे पैसे, विक्रीचे हप्ते, अगदी पॅराशूट पेमेंटवरही असं कर्ज देते. ते कर्ज कंपनीज हाउसच्या ‘चार्जेस’ या पानावर नोंदलेलं दिसतं. तिथे येत्या वर्षाच्या पॅराशूटचा उल्लेख असेल तर तुमच्या बेरजेतून ती रक्कम खोडा, ती आधीच खर्च झालेली आहे.

कर्जाची अट वाचा

बर्नली २०२० च्या डिसेंबरात कर्ज काढून विकत घेतला गेला आणि ते कर्ज क्लबाच्याच डोक्यावर बसलं. खाली गेलात तर साडेसहा कोटी पाउंडांच्या कर्जाचा मोठा भाग लगेच फेडावा लागेल, असं हिशेबातच लिहिलेलं होतं. २०२२ मध्ये बर्नली खाली गेला. एरवी पाच वर्षांत फेडायचं कर्ज अशा अटीमुळे उन्हाळ्यातच दारात येऊन उभं राहतं. म्हणून व्याजाचा दर बघण्याआधी परतफेड कोणत्या घटनेवर बांधली आहे ते बघा.

आता आकडा काढा

एक काल्पनिक क्लब घेऊ. वर असताना टीव्ही ११ कोटी, जाहिरात ३, तिकिटं २, एकूण १६. पगार ११ (खेळाडू ९, बाकी २). इतर खर्च ३. व्याज ०.६. येत्या वर्षात द्यायचे हप्ते ४, यायचे १.५.

खाली गेल्यावर:
उत्पन्न: पॅराशूट ४.८, जाहिरात १.५, तिकिटं १.५. एकूण ७.८.
पगार: खेळाडूंच्या ९ पैकी ६ कोटींच्या करारांत ४० टक्के कपातीचं कलम आहे, वाचले २.४. उरले ८.६.
इतर खर्च: २.६.
व्याज: ०.६.
निव्वळ हप्ते: २.५.

७.८ मधून १४.३ वजा केले की साडेसहा कोटी पाउंड कमी पडतात. कुणीही चोरी केलेली नाही, वेडेपणाची खरेदी केलेली नाही, निम्म्याहून जास्त करारांत कलम आहे, पॅराशूटही पूर्ण मिळतं आहे. तरीही साडेसहा कोटी.

आता ही तूट कशी भरायची ते बघा. जुलैच्या आत असे खेळाडू विकले की ज्यांचा कपातीनंतरचा पगार १.८ कोटी होता, तर तूट ४.७ वर येते. विक्रीची निम्मी रक्कम आधी मिळते असं धरलं तर ४.७ कोटी रोख हातात यायला ९.४ कोटींचे खेळाडू विकावे लागतील. तेवढ्या किमतीचे खेळाडू आहेत का? आणि त्यांच्या करारात ‘खाली गेलो तर अमुक किमतीला सोडायचं’ असं कलम तर नाही? असेल तर भाव तिथेच अडकतो. उरलेली तूट मालकाच्या खिशातून किंवा नव्या कर्जातून. मालकाची ऐपत आणि इच्छा हा या गणितातला एकमेव भाग आहे जो कागदावरून सांगता येत नाही.

पुढची दोन वर्षंही मांडून ठेवा. दुसऱ्या वर्षी पॅराशूट ३.९, तिसऱ्या वर्षी १.७. दुसऱ्या हंगामाअखेर क्लब वर गेला नसेल तर तिसऱ्या वर्षाचा पगारखर्च पहिल्या वर्षाच्या निम्म्याने तरी कमी हवा. पॅराशूट असलं की परत वर जातोच असा समज आहे. ल्यूटन २०२४ मध्ये खाली आला, आणि पॅराशूट हातात असताना २०२५ मध्ये आणखी एक डिव्हिजन खाली गेला.

तोट्याची मर्यादाही आकसते

प्रीमियर लीगच्या जुन्या नियमात तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पाउंडांपर्यंतचा तोटा चालत असे, म्हणजे वर्षाला ३.५, तोही मालकाने भांडवल घातलं तर. चॅम्पियनशिपच्या वर्षाला १.३ कोटीच धरतात. दोन वर्षं वर आणि एक वर्ष खाली असेल तर मर्यादा ८.३ वर येते. अकादमी, महिला फुटबॉल, समाजकार्य आणि बांधकामावरचा खर्च या तोट्यातून वगळायचा असतो. तो वगळायला विसरलात तर सुस्थितीतला क्लबही दोषी दिसेल. या नियमाखाली २०२३-२४ मध्ये एव्हर्टनचे आधी दहा (अपिलानंतर सहा) आणि पुन्हा दोन, तर नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गुण कापले गेले. २०२६-२७ पासून लीगने उत्पन्नाच्या ८५ टक्के एवढ्या संघखर्चाच्या मर्यादेकडे जायचं ठरवलं आहे. अशी टक्केवारीची मर्यादा खालच्या डिव्हिजनमध्येही लागली तर उत्पन्नच अर्धं झाल्याने ती आणखी बोचेल.

तारखाही निर्णायक ठरतात. लेस्टरचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपत होतं आणि त्याआधीच जूनमध्ये क्लबाने प्रीमियर लीगचा आपला शेअर सोडला होता. वर्ष संपलं तेव्हा तो लीगचा सदस्यच नव्हता, म्हणून तोट्याची मर्यादा ओलांडल्याच्या आरोपाच्या प्रकरणात लीगला अधिकार नाही, असा निकाल सप्टेंबर २०२४ मध्ये अपील मंडळाने दिला.

गाडी घाटात जाते कुठे

लीड्सने २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेची, उपांत्य फेरी गाठली आणि त्याच वर्षी पुढच्या २५ वर्षांच्या तिकीट उत्पन्नावर ६ कोटी पाउंडांचं कर्ज उचललं. ते फेडायला दरवर्षी चॅम्पियन्स लीग लागणार होती. ती हुकली, खेळाडू एकेक करून विकले, २००४ मध्ये क्लब खाली गेला. त्याच वर्षी स्वतःचं मैदान आणि सराव केंद्र विकून भाड्याने घ्यावं लागलं. २००७ मध्ये दिवाळखोरीसदृश ‘ॲडमिनिस्ट्रेशन’, दहा गुणांची कपात आणि तिसरी डिव्हिजन. घसरण सुरू होण्याचं वर्ष २००४ नाही, २००१ आहे. खाली जाण्याने फक्त बिल समोर आलं.

पोर्ट्समथ हा इंग्लंडमधल्या एफए कप स्पर्धेचा २००८ चा विजेता. फेब्रुवारी २०१० मध्ये ॲडमिनिस्ट्रेशन, नऊ गुण कापले, त्याच हंगामात खाली. तीन वर्षांत चौथ्या डिव्हिजनपर्यंत घसरण आणि एप्रिल २०१३ मध्ये चाहत्यांच्या ट्रस्टने क्लब विकत घेऊन वाचवला. चाहत्यांनी वर्गणी काढून क्लब हातात घ्यावा लागला, यातच वरच्या खुर्च्यांवर बसलेल्यांचा हिशेब किती चुकला होता ते कळतं.

ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये कुणाला आधी पैसे मिळतात हेही माहीत असावं. दुसरे क्लब आणि खेळाडू यांची देणी पूर्ण दिल्याशिवाय लीग क्लबाला खेळू देत नाही. गावातला छपाईवाला, बेकरी, रुग्णवाहिका सेवा यांना मात्र पाउंडामागे काही पेन्सवर समाधान मानावं लागतं. गाव क्लबावर रागावतं ते यामुळे.

जर्मनीतला शाल्क २०२१ मध्ये वीस कोटी युरोंहून जास्त देणी घेऊन खाली गेला. रोकड उभी करायला त्यांनी आपल्या ई-स्पोर्ट्स (व्हिडिओ गेमच्या) संघाची लीगमधली जागा २.६५ कोटी युरोंना विकली. पुढच्याच वर्षी ते वर गेले, २०२३ मध्ये परत खाली आले. विकण्याजोगी बिगर-फुटबॉल मालमत्ता आहे का, हे पाहायचं ते अशा वेळेसाठी.

नाशिकच्या क्लबाने काय करायचं

भारतात चित्र निराळं. इथे वाटायला टीव्हीचे पैसे जवळजवळ नाहीत आणि पॅराशूटही नाही. क्लब मालकाच्या किंवा प्रायोजकाच्या पैशावर चालतो. त्यामुळे खाली गेल्यावर उत्पन्न नुसतं ‘घटत’ नाही, कधीकधी बंदच होतं. मुंबई एफसी हा क्लब २०१६-१७ च्या आय-लीग या देशपातळीवरच्या लीगमध्ये शेवटचा आला, खाली गेला आणि संघच उरला नाही.

जिल्ह्याच्या किंवा विफाच्या (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन) स्पर्धांत खेळणाऱ्या, वरची-खालची डिव्हिजन असलेल्या क्लबासाठी तीच रीत लाखांत मांडू. वर्षाचं बजेट १२ लाख धरा. प्रायोजक ७, मुलांच्या प्रशिक्षणाची फी ३.५, सभासद आणि देणग्या १.५. खर्च: खेळाडूंचं मानधन आणि येणंजाणं ५, प्रशिक्षक २.४, मैदानभाडं १.२, किट ०.९, नोंदणी आणि पंच ०.५, फिजिओ आणि विमा ०.६, बाहेरगावचे सामने १.४.

खाली गेल्यावर प्रायोजक ७ वरून ३ वर आला तर उत्पन्न ८ लाख, तूट ४ लाख. बाहेरगावचा खर्च ०.८ झाला तर ६० हजार वाचतात. मानधन महिन्याचं न ठेवता सामन्यामागे ठेवलं आणि डिव्हिजननुसार दर आधीच लिहिला, तर ५ चे ३.२ होतात. उरली तूट १.६ लाख. ही राखीव ठेव चांगल्या वर्षीच बाजूला काढायची, महिन्याला साधारण साडेतेरा हजार, आणि वेगळ्या खात्यात ठेवायची. चालू खात्यात ठेवलेली राखीव रक्कम नव्या किटमध्ये जाते. प्रशिक्षक आणि मैदान यांना हात लावू नका. ते तोडलं की मुलं दुसरीकडे जातात आणि फीचे साडेतीन लाखही जातात. मग क्लब नुसता खाली जात नाही, बंद पडतो.

प्रायोजकाशी बोलणं सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांशी असो की कॉलेज रोडच्या शोरूमशी, पत्र दोन हंगामांचं घ्या. त्यात दोन रकमा लिहा, वरच्या डिव्हिजनची आणि खालच्या डिव्हिजनची. ‘संघ खाली गेल्यास रक्कम सामंजस्याने ठरेल’ हे वाक्य पत्रात येऊ देऊ नका. त्याचा व्यवहारातला अर्थ शून्य रुपये असा होतो. निम्मी रक्कम हंगामाआधी आणि उरलेली मध्यावर, म्हणजे शेवटच्या सामन्याच्या निकालावर काही अडकत नाही.

जर्सीवरच्या नावाचा पैसा आणि मुलांच्या प्रशिक्षणाचा पैसा वेगळा मागा. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चात, बसतं. जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व बसत नाही. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे तिला सरासरी नफ्याच्या दोन टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. मुलांच्या प्रशिक्षणाला मिळणारा हा पैसा पहिला संघ कुठल्या डिव्हिजनमध्ये आहे याच्याशी बांधलेला नसतो, आणि म्हणूनच तो क्लबासाठी लाखमोलाचा आहे. त्यासाठी संस्था नोंदणीकृत ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ ची (ना-नफा) कंपनी हवी, आयकर खात्याची धर्मादाय संस्थांसाठीची १२अ आणि ८०जी नोंदणी हवी, सीएसआर-१ फॉर्म भरलेला हवा आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा हवा. खाली गेल्यावर धावपळ करून ही कागदपत्रं होत नाहीत. तीन वर्षं आधी सुरुवात करावी लागते. मैदानावरच्या रोजच्या हजेरीची वही आणि लेखापरीक्षित हिशेब आजपासून ठेवा.

शेवटची बाब खेळाडूंच्या थकबाकीची. व्यावसायिक करार असेल आणि दोन महिन्यांचा पगार थकला, तर फिफाच्या नियमाप्रमाणे खेळाडू लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांनी करार मोडू शकतो. थकबाकीवरचा निर्णय पाळला नाही तर नवे खेळाडू नोंदवण्यावर सलग तीन विंडोपर्यंत (विंडो म्हणजे खेळाडू नोंदवायची ठरावीक मुदत) बंदी येऊ शकते. खाली गेलेल्या संघाला नवी माणसं सर्वांत जास्त लागतात तेव्हाच ही बंदी आडवी येते. म्हणून हंगाम संपल्यावर हातात जी रोकड उरेल त्यातून पहिले धनादेश खेळाडूंचे आणि प्रशिक्षकांचे काढा, पैसे मिळाल्याची सही घ्या आणि ती पावती फाइलला लावा. दुकानदार महिनाभर थांबतो, मैदानभाड्याला मुदत मागता येते.